उतार

साखर कारखाना सहकारी असला की तो सगळ्यांचा असतो, आणि बंद पडला की कुणाच्या बापाचा नसतो. भगवानरावांनी त्या कारखान्याच्या वाहन विभागात उभा जन्म काढला, आणि नेमकं त्यांच्या रिटायर व्हायच्या साली गव्हाणीत टाकायला उसाचं टिपरू मिळेना. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. विहिरी तळाला गेलेल्या. होता तो ऊस छावणीतल्या जनावरांपुढं चारा म्हणून पडलेला. धुराडं थंड पडलं ते पडलंच.

शेतकी अधिकारी सुंदरराव माणूस भला, पण भल्या माणसाच्या हातात तरी काय असतं! त्यांनी भगवानरावांना बोलावून घेतलं आणि टेबलाकडं बघत सांगितलं, "भगवानराव, रोख काही मिळंल ही आशा सोडा. यार्डात दोन ट्रॅक्टर उभे आहेत. मंडळानं ठरवलंय, जुन्या माणसांना वस्तू देऊन मोकळं करायचं. पहिला हक्क तुमचा. कुठलाही एक घेऊन जा. दुसरा बिभीषणाला देतो."

बिभीषण म्हणजे त्याच खात्यातला तरणा ड्रायव्हर. भगवानरावांच्या वस्तीच्या पलीकडं, ओढा ओलांडला की त्याची वस्ती. माणूस वाईट नव्हता, फक्त जिभेला हाड नव्हतं.

आता ते दोन ट्रॅक्टर कोणते ते ऐका. एक होता लाल्या. हे नाव भगवानरावांनीच ठेवलेलं. कारखाना म्हणजे माळावर फक्कीनं मारलेल्या नुसत्या रेघा होत्या तेव्हा हा रशियाकडून आला, आणि परळीच्या स्टेशनावरून भगवानरावांनीच तो चालवत आणला. वाटेतल्या गावांत बायकांनी त्याला ओवाळलं होतं. आता रंग उडाला होता, पत्रा पिचला होता, आणि सेल्फ कायमचा गेला होता. मेकॅनिक म्हणायचा, ज्या देशातून हा आला तो देशच आता राहिला नाही, मग सुटा भाग कुठून आणू? त्यामुळं लाल्याला उतारावर उभा करायचा, चाकाखाली दगड द्यायचा, आणि चालू करताना दगड काढायचा. गाडं ढाळाला लागलं की क्लच सोडायचा. मग तो असा धूर सोडून गरजायचा की ऐकणाराची छाती भरून यावी.

दुसरा होता कारखान्याच्या गेस्ट हाऊसच्या बागेतला. गवत कापायला, गुलाबाच्या वाफ्यांना माती ओढायला घेतलेला. बुटका, निळा, नव्यासारखा. चेअरमन यायचे तेव्हा तो पुसूनपासून उभा करायचे. भगवानरावांनी त्याला कधी हातसुद्धा लावला नव्हता. म्हणायचे, ही काय ट्रॅक्टरची जात आहे? हे तर ट्रॅक्टरचं पिल्लू.

यार्डात ते जानकीबाईला घेऊन गेले. मोसंबीची बाग तिनंच उभी केलेली. नवरा कारखान्यावर पाळ्या करत होता तेव्हा डोक्यावर हंडे वाहून तिनं झाडं जगवली होती. तेव्हा ट्रॅक्टर घ्यायचा तर तिनं बघायला नको का? तिनं बघितला. लाल्याभोवती एक चक्कर मारली आणि सरळ जाऊन त्या बुटक्यावर बसली. साठीला टेकलेली बाई, पण पदर खोचला आणि बसली. किल्ली होतीच लावलेली. तिनं फिरवली, आणि तो बुटका लगेच चालू झाला.

जानकीबाई तोंडाला पदर लावून लहान पोरीसारखी हसायला लागली. "आवो, हा माझ्यानं बी चालंल की!"

यार्डात दहाबारा माणसं उभी होती. बिभीषणानं उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, "काका, काकू ट्रॅक्टरवर बसल्यावर भाकरी तुमी थापणार व्हय?"

झालं. सगळं यार्ड खदखदून हसलं. सुंदररावसुद्धा हसले. भगवानरावांचे कान तापले. जानकीबाई मुकाट्यानं खाली उतरली आणि तिनं किल्ली बंद केली. भगवानराव म्हणाले, "मी लाल्या नेतो, साहेब. लिहा."

घरी आल्यावर ती बोलली. माणसांत बोलायची तिला सवय नव्हती, घरात मात्र ती कुणाला भ्यायची नाही.

"कावून घेतला न्हाई तो बारका?"

"आगं, पाण्याचा टँकर ओढायचाय आपल्याला. त्या पिल्लाच्यानं टँकर हालंल का? लई झालं तर चार पिंपं ओढंल."

"मग चार-चार पिंपांच्या खेपा करू. आपल्याला कुठं आता कारखान्याचा भोंगा गाठायचाय?"

"तुला न्हाई कळायचं."

"मला लई कळतंय. गेल्या साली तुमच्या छातीत कळ आलती. परत आली तर? तो बारका असता तर म्या किल्ली फिरवून तुमाला सिरसाळ्याच्या दवाखान्यात तरी नेलं असतं. ह्या लाल्याचं मी काय करू? त्याच्यापुढं बसून रडू?"

"एवढा काही मी मरायला टेकलो न्हाई."

"बरं बाबा," ती म्हणाली. "पदरी पडलं अन् पवित्र झालं." आणि भाकरी थापायला बसली.

खरं सांगायचं तर टँकरचं कारण खोटं नव्हतं. पण तेवढंच कारण होतं असंही नाही. बायको पुढं ट्रॅक्टरवर आणि आपण मागं खांद्यावर रुमाल टाकून उभे, हे चित्र आणि त्यावरचं हसू भगवानरावांना गिळवलं नसतं. हे त्यांना तेव्हाही माहीत होतं.

तो उन्हाळा मात्र लाल्यानं गाजवला. नाही म्हणायची सोय नाही. खालच्या तलावाजवळ एकाच विहिरीला पाणी टिकून होतं. तिथून टँकर भरून लाल्या माळ चढायचा आणि बागेत यायचा. आसपासच्या मोसंब्या वाळून सरपण झाल्या, लोकांनी कुऱ्हाडी लावल्या, पण भगवानरावांची बाग हिरवी राहिली. जाणारायेणारा थांबून म्हणायचा, जुनं ते सोनं. भगवानराव मिशीत हसायचे आणि बायकोकडं बघायचे. जानकीबाईही कबूल करायची. "हाय बाबा, लाल्या गुणाचा हाय." रोज सकाळी त्याच्या चाकाखालचा दगड काढायचं काम तिचंच होतं. माळाच्या माथ्यावर लिंबाखाली लाल्या उभा असायचा, भगवानराव वर बसायचे, ती दगड ओढायची आणि चपळाईनं बाजूला व्हायची. तिच्याशिवाय लाल्या चालू होत नव्हता, पण ही गोष्ट कुणी मोजत नव्हतं.

मृग गेला, आश्लेषा गेल्या. पेरलेलं करपलं. पोळा आला तरी ओढ्याला पाणी नाही. गावातले बैल छावणीत, त्यामुळं यंदाचा पोळा छावणीतच भरवायचं ठरलं. भगवानरावांनी बैल केव्हाच विकले होते. एक गाय तेवढी दावणीला उरली होती.

पण जानकीबाईला सण म्हणजे सण. आदल्या सांजेला तिनं वाटीत हळद आणि गोडं तेल कालवलं. बैलाचे खांदे मळतात तसे लाल्याचे मळायचे म्हणून लिंबाखाली गेली.

"आवो, ह्याला खांदा कुठं असतोय?"

भगवानरावांनी हसत चाकावरच्या मडगार्डावर थाप मारली. तिनं दोन्ही मडगार्डांना हळद-तेल चोळलं, राहिलेला हात समोर बॉनेटवर उमटवला, आणि बैलांना म्हणतात तसं म्हणाली, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." त्या एवढ्या दुष्काळात दोघं म्हातारी माणसं पोट धरून हसली. ते हसू शेवटचंच होतं.

दुसऱ्या दिवशी भगवानरावांनी हळद तेवढी वाचवून लाल्याला दोन बादल्या पाण्यानं धुतलं. त्या दिवसांत दोन बादल्या म्हणजे चैनच, पण हौसेला मोल नाही. झेंडूची फुलं मिळाली नाहीत म्हणून लिंबाच्या डहाळ्या आणि रंगीत कागदांची माळ घातली. दुपारी त्याला उतारावरून चालू करून थेट घरापुढं आणला आणि अंगणात, सपाटीवर उभा केला.

जानकीबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली आणि थबकली. "खाली कावून आणला? तिथं वरच ओवाळलं असतं."

"पोळ्याचा बैल कुणी माळावर बांधतं का? दारात येतो तो. मान असतो त्याचा."

"अन् परत चालू कसा व्हायचा?"

"उद्या पोरं येत्याल गावातली, ढकलत्याल."

"मग आज बंद तरी करू नका."

भगवानरावांनी बंद केला. "सणाच्या दिवशी जनावराला राबवत न्हाईत. विसावा देत्यात," म्हणाले.

लोखंडाला कसला आलाय विसावा! पण त्या क्षणी भगवानरावांच्या लेखी ते लोखंड नव्हतं. तिनं ओवाळलं, बॉनेटवर पुरणाची पोळी ठेवली आणि डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. मग दोघं जेवली.

ऊन कललं तशी ती गाईला चारा काढायला गेली. घराच्या मागं जुन्या कडब्याची गंज होती, गेल्याच्या गेल्या सालची. पेंढी ओढायला तिनं हात आत घातला, आणि ओरडली. भगवानराव धावले. तिनं दुसऱ्या हातानं मनगट धरलं होतं. दोन टोचे दिसत होते, त्यातून रक्ताचे थेंब येत होते.

"घोणस हाय," ती म्हणाली. "म्या बघितली. जाड व्हती."

त्यांनी उपरण्याचं टोक फाडून तिच्या हाताला बांधलं. सिरसाळ्याच्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन असतं हे दोघांना माहीत होतं. वाहन दारात होतं. हळद लावलेलं, माळ घातलेलं, दारात होतं.

भगवानरावांनी लाल्याला मागून खांदा लावला. अंगणापासून ओढ्याकडच्या उताराच्या तोंडापर्यंत थोडा चढ होता. एरवी तो चढ आहे असं कुणाला वाटलंही नसतं. त्यांनी पाय रोवले, आई-बापाचं नाव घेतलं आणि जोर केला. लाल्या वीतभर हलला आणि परत मागं आला. परत जोर केला. परत मागं आला. हातातला दम संपला तसे ते लाल्याला शिव्या द्यायला लागले, ज्याला कधी तोडून बोलले नव्हते त्याला. तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं म्हणून बघितलं तर जानकीबाई. सुजलेला हात छातीशी धरून तिनं दुसरा खांदा चाकाला लावला होता.

"आगं, तू बस! हालू नको!"

"एकट्यानं व्हणार हाय का? लावा."

दोघांनी मिळून लावला. लाल्या हातभर वर गेला. आणखी हातभर. माती भुसभुशीत, पाय घसरत होते. तिला धाप लागली, तरी ती म्हणाली, "खांदेमळणी आपलीच करायला पायजे व्हती बघा." आणि तिचा पाय सुटला. लाल्या सगळा मागं आला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

तेव्हा कुठं भगवानरावांना अक्कल आली. जो वेळ बिभीषणाच्या वस्तीकडं पळण्यात घालवायचा तो त्यांनी लोखंडाला खांदा लावण्यात घालवला होता. लाल्या आपल्याला असा दगा देईल हे त्यांच्या मनाला पटतच नव्हतं. "बस हितंच. मी आलोच," म्हणाले आणि ओढ्याकडं पळत सुटले. छातीत कळ यायला लागली. येऊ दे, म्हणाले.

बिभीषण घरी नव्हता. बैल छावणीत म्हणून तो पोळ्याला तिकडं गेला होता. दारात त्याची बायको वत्सलाबाई परात घासत बसली होती, आणि अंगणात तो बुटका निळा ट्रॅक्टर, त्यालाही कागदाची माळ. भगवानराव त्याच्याकडं बघतच खाली बसले. "जानकीला पान लागलं गं. बिभीषण कुठंय? माझ्या छातीत कळ आलीय, गाडी कोण चालवील?"

वत्सलाबाईनं परात टाकली, हात पदराला पुसले, कोनाड्यातली किल्ली घेतली आणि ट्रॅक्टरवर चढली. "बसा काका मागं ट्रॉलीत."

"तू?"

"बसा म्हणते ना!"

तिनं किल्ली फिरवली आणि ओढ्याचा खडकाळ रस्ता अशा वेगानं काढला की भगवानरावांना ट्रॉलीच्या कडा घट्ट धराव्या लागल्या. जानकीबाई लाल्याच्या चाकाला टेकून बसली होती. हात कोपरापर्यंत काळा पडला होता. दोघांनी तिला उचलून ट्रॉलीत गोधडीवर निजवलं.

वाटेत ती शुद्धीत होती. पुढं ट्रॅक्टर चालवणाऱ्या पाठीकडं बघत होती.

"वत्सला, तुला येतं व्हय गं हे?"

"येतं काकू. तुमी बोलू नका."

"कुणी शिकवलं?"

"कोण शिकवणार! बघत बघत शिकले. किल्ली तर फिरवायची असती."

जानकीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तुमाला काही झालं तर म्हणून म्हणत व्हते मी." एवढंच. मग तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तिनं डोळे मिटले. भगवानराव तिचं डोकं मांडीवर घेऊन "जानके, आगं जानके" करत राहिले.

फाट्यावर चार माणसं बसली होती. ट्रॉलीत बाई बघून एक म्हातारी उठून पुढं आली आणि तिनं काळजीनं विचारलं, "काही उतार हाय का बाईला?"

भगवानराव म्हणाले, "उतारावर न्हवता लावला. दारात लावला व्हता. पोळा व्हता म्हणून."

म्हातारीला काही कळलं नाही. तिनं कपाळाला हात लावला. वत्सलाबाईनं मागं वळून बघितलं आणि ट्रॅक्टर आणखी दामटला. सिरसाळ्याच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टर स्वतः पळत आले, त्यांनी ट्रॉलीतच हात धरून बघितला, पापणी उघडून बघितली, आणि खाली उतरून भगवानरावांच्या खांद्यावर हात ठेवला. जानकीबाई वाटेतच गेली होती.

तेराव्याला मुलगा सुग्रीव होता. चाकणला कंपनीत आहे तो. बापाला म्हणाला, चला माझ्याकडं. भगवानराव नाही म्हणाले. गावातली पोरं आली, म्हणाली, काका, लाल्याला ढकलून वर नेऊ, लिंबाखाली लावू. भगवानराव त्यांच्या अंगावर गेले. "आता कशाला? बैल गेला अन् झोपा केला, तशातली गत! हात लावायचा न्हाई कुणी." पोरं गेली. लाल्या अंगणातच राहिला. माळ वाळून गळून गेली, पोळी मुंग्यांनी नेली, पण तेलात कालवलेल्या हळदीचा हात काही जाईना. पाच बोटं, तळवा, सगळं जसंच्या तसं. दारातून आत-बाहेर करताना तो समोर यायचाच. माळावर लिंबाखाली तो दगडही पडून होता.

बागेला पाणी कोण देणार? भगवानरावांनी विचारच सोडला होता. झाडांनी पानं मुरडायला सुरुवात केली. मग एका सकाळी ओढ्याकडून आवाज आला. बुटका ट्रॅक्टर, मागं ट्रॉलीत चार पिंपं. वत्सलाबाई कुणाला काही न विचारता बागेत शिरली आणि झाडाझाडाला पाणी घालायला लागली. चार पिंपं संपली की परत खेप. दोन झाडांच्या मधून तो ट्रॅक्टर अलगद जायचा, फांदीला धक्कासुद्धा लागत नव्हता. बिभीषण एकदा येऊन बांधावर उभा राहिला. म्हणाला, "काका, त्या दिवशी यार्डात म्या..." भगवानराव म्हणाले, "तू हसलास. निवडलं म्या." तो मान खाली घालून निघून गेला.

असं बरेच दिवस चाललं. एकदा ती खेप घेऊन आली तेव्हा भगवानराव घरातून उठून बागेत आले. ती खाली उतरून पिंपाला नळी लावत होती. ट्रॅक्टर बंद होता. भगवानराव त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. सीटवर हात ठेवला. मग हळूहळू वर चढून बसले. उभ्या जन्मात इतके ट्रॅक्टर चालवले, यावर कधी बसले नव्हते.

"फिरवा की काका," वत्सलाबाई म्हणाली.

त्यांनी किल्लीला हात लावला. वाटलं, जोर लागेल, झटका बसेल, काहीतरी लागेल. दोन बोटांनी फिरवली आणि तो चालू झाला.

भगवानराव त्या किल्लीकडं बघत राहिले. मग वत्सलाबाईकडं वळून त्यांनी विचारलं, "एवढंच व्हय गं?"

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "एवढंच, काका," ती म्हणाली.

त्यांनी बंद केला. परत फिरवली. परत चालू झाला. मग ते स्टिअरिंगवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागले, आणि ट्रॅक्टर तसाच चालू राहिला.